शंभरातले सहा

बीडमध्ये फ्लॅटात राहणारी माणसं अजून कमीच. इथली रीत वेगळी. माणूस नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत प्लॉट घेतो, पुढच्या पाचांत दोन खोल्या टाकतो आणि मुलीच्या लग्नाआधी वरचा मजला चढवतो. दुरुस्ती निघाली की गवंड्याला निरोप धाडायचा. पैसे असले तर लगेच, नसले तर कापूस विकल्यावर. घर एकाचं, गच्ची एकाची, त्यामुळे भांडण झालंच तर नवरा-बायकोत. बारा घरांना मिळून एक गच्ची असली की यातलं काहीच लागू पडत नाही. एकाचा कापूस विकला गेलेला असतो, दुसऱ्याचा पगार अडकलेला असतो, तिसरा पुण्यात राहतो आणि सोसायटीचा नंबर दिसला की फोन उचलत नाही.

आमची इमारत २००३ सालची. खाली पार्किंग, वर तीन मजले, मजल्यावर चार घरं. लिफ्ट नाही, तेवढा एक खर्च सोसायटीचा वाचला आणि गुडघ्यांवर पडला. फ्लॅट दाखवताना बिल्डर सांगायचा, ‘मॅडम, किल्लारीनंतरचं बांधकाम आहे, लोखंडात हात आखडलेला नाही.’ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या त्या भूकंपानंतर मराठवाड्यात पुढची कित्येक वर्षं घर विकताना हे वाक्य चालत असे, आणि आमच्या बाबतीत ते खरंही होतं. लोखंड भरपूर होतं. काँक्रीट कोणत्या पाण्यात कालवलं आणि त्यावर किती दिवस पाणी मारलं, हे मात्र आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. ते दुष्काळाचं साल होतं. साइटवर बोअरचं खारं पाणी आणि टँकर, दोन्ही येत असत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत होते. निवृत्त झाले त्या वर्षी सोसायटीचं खजिनदारपद माझ्याकडे आलं. बिनविरोध आलं हे सांगायला नको. या पदासाठी आमच्याकडे कधी विरोध होत नाही. आधीच्या खजिनदारांनी एक पत्र्याची पेटी दिली. त्यात पावतीपुस्तकं, पासबुकं, दोन बंद पडलेल्या कुलपांच्या किल्ल्या आणि नोंदणीच्या वेळचे उपविधी होते. ते उपविधी पूर्वी कुणी उघडले असावेत असं पानांवरून वाटत नव्हतं.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दोन निधी नेमून दिले आहेत. सिंकिंग फंडासाठी दरवर्षी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, आणि दुरुस्ती-देखभालीसाठी किमान पाऊण टक्का. जमिनीची किंमत यात धरायची नाही. सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीला किंवा पुनर्बांधणीलाच वापरायचा, तोही सर्वसाधारण सभेचा ठराव करून आणि निबंधकांची परवानगी घेऊन. वाचताना सगळं कसं पक्कं वाटतं. मी कागदावर आकडे मांडले. आमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च २००३ साली धरला होता ४ लाख २० हजार. पाव टक्का म्हणजे वर्षाला १,०५०, पाऊण टक्का म्हणजे ३,१५०. दोन्ही मिळून महिन्याला ३५० रुपये. आणि हा आकडा सोळा वर्षं तसाच पावतीवर छापून येत होता, कारण बांधकाम खर्च तोच राहिला होता. सिमेंटची गोणी, गवंड्याची हजेरी, वाळूचा ट्रॅक्टर यांचे भाव कुठल्या कुठे गेले होते. ‘किमान’ हा शब्द उपविधीत आहे, पण आमच्याकडे किमान हेच कमाल झालं होतं, आणि बहुतेक सोसायट्यांत हेच होतं.

पासबुकात दुसरी गोष्ट दिसली. २०१६ च्या मार्चपासून जूनपर्यंत दर आठवड्याला पैसे काढलेले, आणि प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीनं एकच शब्द: टँकर. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. बीडला तेव्हा रेल्वेच नव्हती. बिंदुसरा कोरडी, माजलगाव धरण तळाला गेलेलं, नळाला पाणी येणार कधी हे नगरपालिकेलाही सांगता येत नव्हतं. दोन्ही निधी एकाच बचत खात्यात होते आणि जूनअखेर ते खातं जवळजवळ रिकामं झालं. ठराव नाही, परवानगी नाही. कागदावर हा सरळ नियमभंग आहे. पण त्या वेळच्या कमिटीला दोष देताना माझी जीभ उचलत नाही. घरात प्यायला पाणी नसताना दहा वर्षांनंतरच्या गिलाव्यासाठी पैसे राखून ठेवा, असं कोणत्या तोंडानं सांगणार? मात्र मुंबई-पुण्याचा विचार करून लिहिलेल्या नियमांत आमचा दुष्काळ कुठेच बसत नाही, हे मी तेव्हा मनाशी टिपून ठेवलं. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ : दर तीन-चार वर्षांनी जो खर्च येतोच, त्याला अचानक आलेला खर्च कसं म्हणायचं?

२०२१ च्या पावसाळ्यात पार्किंगच्या छताचा हातभर पोपडा एका स्कूटीवर पडला. सीट फाटली, माणूस नव्हता. वर पाहिलं तर गंजलेली सळई उघडी पडलेली. आदल्या वर्षी सप्टेंबरात भिवंडीची इमारत कोसळून कितीतरी माणसं गेली होती, ती चित्रं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. आठवडाभर लोकांनी गाड्या रस्त्यावर लावल्या. मग सवयीनं परत आत.

उपविधींप्रमाणे इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. आमचं पहिलं २०१८ ला व्हायला हवं होतं. ते २०२२ ला झालं. छत्रपती संभाजीनगरहून इंजिनिअर आले. तरुण, कमी बोलणारे. आधी त्यांनी हातोडीनं खांब ठोकत आवाज ऐकला, जिथे पोकळ वाटलं तिथे खडूनं गोल केले. मग खांबांना छोटी भोकं पाडून आत एक द्रावण फवारलं. फेनॉल्फ्थॅलीन, बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं. काँक्रीट निरोगी असेल तर ते गुलाबी होतं. काँक्रीटमधला अल्कलीपणा लोखंडाला गंजापासून वाचवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत तो खात जातो. मधले खांब सुंदर गुलाबी झाले. हौदाशेजारचे तीन खांब बाहेरून आतपर्यंत राखाडीच राहिले. तिथेच हौद भरून वाहतो, तिथेच गाड्या धुतल्या जातात, आणि पाणी बोअरचं. त्यांनी विचारलं, ‘बांधकामाला पाणी कुठलं होतं?’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सळईच्या काँक्रीटसाठी लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड असलेलं पाणी चालत नाही, असं भारतीय मानकात लिहिलं आहे, हे त्यांनी सांगितलं. आमच्या बोअरचं पाणी चहाला लावलं तर दूध फाटतं.

दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा तिथेच खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, ‘खजाना विहीर बघा. निजामशाहीतली. अजून पाणी द्यायलीय. अन् आमची वीस वर्षांची टाकी गळायलीय.’ इंजिनिअर हसले. म्हणाले, ‘आजोबा, तिच्यात लोखंड नाही.’

अहवालात हौदाशेजारचे खांब आणि गच्चीवरची काँक्रीटची टाकी यांची दुरुस्ती तातडीची सांगितली होती. अंदाज चार लाखांचा. निधीत होते नव्वद हजार.

याच सुमारास माझ्या भाचीनं अमेरिकेतून एक पुस्तिका पाठवली. ती टेक्सासमध्ये राहते. तिच्या वसाहतीत घरमालकांचा संघ आहे आणि तो दर काही वर्षांनी एका तज्ज्ञाकडून ‘रिझर्व्ह स्टडी’ करून घेतो. मी फोनवर सहज तक्रार केली होती, त्यावर तिनं ती वॉट्सअॅपवर ढकलली. कल्पना इतकी साधी की मला आधी सुचली नाही याचं नवल वाटलं. सामाईक मालकीची प्रत्येक वस्तू नावानिशी लिहायची. ती किती वर्षांची, अजून किती वर्षं चालेल, बदलायला आज किती लागतील. मग त्या खर्चाला वर्षांनी भागायचं. बांधकाम खर्चाच्या टक्केवारीचा त्यात संबंधच नाही. गच्चीला टक्केवारी कळत नाही, तिला वय कळतं.

फ्लोरिडात हा हिशेब आता सक्तीचा आहे, हेही भाचीनंच सांगितलं. २४ जून २०२१ च्या रात्री मायामीजवळ सर्फसाइडमध्ये चॅम्पलेन टॉवर्स साउथ या बारा मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं मेली. इंजिनिअरनं २०१८ मध्येच मोठं नुकसान झाल्याचं लिहून दिलं होतं. दुरुस्तीसाठी घरमालकांवर जादा वर्गणी बसवण्यावर वाद होत होत तीन वर्षं गेली. २०२२ मध्ये फ्लोरिडानं कायदा करून तीन किंवा अधिक मजल्यांच्या अशा इमारतींना हा अभ्यास बंधनकारक केला. श्रीमंत माणसं, समुद्राकाठची घरं, आणि भांडण अगदी आमच्या पार्किंगमधलं.

मी वही घेऊन बसले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग: तीन लाख, आयुष्य दहा वर्षं, वर्षाचा वाटा तीस हजार. बाहेरचा गिलावा आणि रंग: ४ लाख ८० हजार, आठ वर्षं, साठ हजार. बोअरचा सबमर्सिबल पंप, केबल आणि पाइप धरून साठ हजार. पुस्तिकेतल्या तरणतलावाच्या पंपाला आठ वर्षं दिली होती, आमच्या पाण्यात पाचच्या वर मी धरू शकले नाही. हौदातून टाकीत पाणी चढवणारी मोटर, वीस हजार, तीही पाच वर्षं. सांडपाण्याचे आणि पाण्याचे उभे पाइप तीन लाख, वायरिंग आणि मीटरची पेटी एक लाख, खांब आणि टाकी चार लाख. या तिन्हींना वीस-वीस वर्षं. पुस्तिकेत नसलेली एक ओळ मी शेवटी घातली. टँकर: साठ हजार, दर चार वर्षांनी.

बेरीज वर्षाला १ लाख ६१ हजार. घरटी महिन्याला १,११८ रुपये. आम्ही देत होतो ३५०, आणि त्यातूनच वर्षभराची बारीकसारीक दुरुस्तीही भागवत होतो.

महागाईचं काय, असं कुणीही विचारील. मी वर्गात चक्रवाढव्याज तीस वर्षं शिकवलं. सहा टक्क्यांनी वाढणारा खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. मुदत ठेवीवरही तेवढंच किंवा थोडं जास्त व्याज मिळतं. म्हणून मी आजचेच भाव धरले. व्याज आणि भाववाढ एकमेकांना खाऊ देत, आणि मासिक रक्कम दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवायची. विद्यापीठात हा हिशेब कुणी मान्य करणार नाही. सभेत समजावून सांगता येईल असा तो होता, आणि मला तेवढंच हवं होतं.

पुस्तिकेत आणखी एक आकडा होता. प्रत्येक वस्तू जेवढी झिजली तेवढे पैसे आतापर्यंत जमलेले असायला हवेत. त्यातले प्रत्यक्ष किती आहेत? मी आमचं मांडलं. जमायला हवे होते साडेचौदा लाख. होते नव्वद हजार. शंभरातले सहा.

सप्टेंबरअखेर वार्षिक सभा. पार्किंगमध्ये सतरंज्या, अध्यक्षांसाठी एक टेबल, बिसलेरीचा जार. कोरम आठाचा, आले सात. अर्ध्या तासानं तहकूब सभा त्याच जागी त्याच माणसांनिशी सुरू झाली आणि मग चहाच्या वासानं आणखी तिघे उतरले. मी तक्त्याच्या झेरॉक्स वाटल्या. पुण्याचे मालक फोनच्या स्पीकरवर होते.

पहिला विरोध मेडिकल दुकानवाल्यांचा. ‘मॅडम, लागेल तेव्हा वर्गणी काढू. आत्तापासून पैसे अडकवून काय करायचंय? धंद्यात फिरवले तर जास्त सुटतात.’ हा युक्तिवाद वरवर पाहता चुकीचा नाही. पण २०१७ मध्ये गच्चीसाठी वर्गणी काढली तेव्हा काय झालं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यानं आठवड्यात पैसे दिले, कारण गळती त्यांच्या डोक्यावर होती. दुसऱ्या मजल्यानं दिवाळीनंतर. पहिल्या मजल्यावरच्या एका घराचे पैसे दुसरा पावसाळा लागेपर्यंत आले नाहीत. खालच्याला गच्ची दिसत नाही आणि वरच्याला हौद दिसत नाही.

आप्पांचा प्रश्न खरा अवघड होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे, मुलगा नाशिकला. ‘मॅडम, पाइपाला वीस वर्षं लिवलीत तुमी. मी काय तवर राहायलोय का? माझ्याकून कशाला घ्यायलात?’ कुणी बोलेना. मी म्हटलं, ‘आप्पा, हा पैसा पुढच्या पाइपाचा नाही. मागच्या पाइपाचा आहे. २००३ पासून जो वापरला, त्याचा.’ त्यांनी चष्मा काढून तक्ता जवळून पाहिला. मग म्हणाले, ‘म्हणजे एकोणीस वर्षं मी फुकट राहिलो म्हणायलात.’ मी म्हटलं, ‘सगळेच राहिलो.’ ते यावर चिडले नाहीत, पण त्या सभेत पुन्हा बोललेही नाहीत. मला अजून वाटतं की त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. एवढी वर्षं ज्यांनी घरं विकली आणि निघून गेले त्यांची झीज आता उरलेल्यांच्या डोक्यावर आली, आणि त्यातला सारखाच वाटा ज्याच्याकडे सर्वांत कमी वर्षं आहेत त्याच्याकडून घ्यायचा, याला न्याय म्हणता येणार नाही. पण दुसरं कोण भरणार होतं?

सभा फिरवली ती पहिल्या मजल्यावरच्या मुकादमांनी. ऊसतोडीचे मुकादम, दसरा झाला की टोळ्या घेऊन कारखान्यावर जातात, बायको-मुलं शिक्षणासाठी इथं राहतात. ते सहसा सभेत मागे उभे असतात. ते म्हणाले, ‘आमच्याकडं मजूर आधी उचल घेतो अन् मग सहा महिने कोयता चालवून फेडतो. फेडत फेडत पुढच्या साली परत उचल. कधी सुटतच नाही. ही बिल्डिंग बी तशीच उचलीवर चाललीय. मॅडम म्हणायल्यात, एक डाव उलटं करून बघा, आधी भरा.’ मग खिशातून पैसे काढत म्हणाले, ‘माझे वर्षाचे एकदम घ्या. हंगामात परत कोण येतंय.’ मी आयुष्यात सिंकिंग फंडाचं याहून चांगलं स्पष्टीकरण ऐकलेलं नाही.

मंजूर मात्र १,११८ झाले नाहीत. आधी रंगाचं आयुष्य आठावरून बारा वर्षांवर नेण्यात आलं. रंगाला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं रक्कम ९७९ वर आली. मग अध्यक्ष म्हणाले, आठशे करा, आकडा बरा दिसतो. हात वर झाले. वर्षाला जवळजवळ सव्वीस हजारांचं भगदाड आम्ही एकमतानं मंजूर केलं. दर तीन वर्षांनी तक्ता पुन्हा मांडायचा, असं मी इतिवृत्तात लिहून घेतलं. तातडीच्या दुरुस्तीसाठी निधीतले नव्वद हजार आणि घरटी सव्वीस हजार वेगळे. त्यावर पुण्याच्या मालकांचा फोन कट झाला. नेटवर्कमुळे असावा.

मग पैसे ठेवायचे कुठे. यावर सभा सर्वांत जास्त वेळ चालली, आणि बाहेरच्या माणसाला ते का हे कळणार नाही. आमच्याच जिन्यात एक पिग्मी एजंट राहतात. सज्जन माणूस, माझ्या आजारपणात रात्री रिक्षा घेऊन आलेला. ते एका मल्टिस्टेट पतसंस्थेचं काम करत. तिथे बारा टक्के मिळत होते, बँकेत सहाच्या आसपास. गल्लीतल्या निम्म्या घरांचे पैसे तिथे होते. ते म्हणाले, बारा टक्क्यांनी मॅडमचं भगदाड आपोआप बुजेल. गणित म्हणून ते बरोबर होतं. मी एवढंच म्हटलं, की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, २०२० पासून. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. शिवाय सहकार कायद्याच्या सत्तराव्या कलमात संस्थेनं पैसे कुठे ठेवायचे ते घालून दिलं आहे, मनाला येईल तिथे ठेवता येत नाहीत. दुसऱ्या कुणी विचारलं, ‘बँका तरी कुठं बुडत नाहीत?’ हाही प्रश्न आमच्या जिल्ह्यात वेडगळ नाही. मतदान झालं. दोन मतांच्या फरकानं राष्ट्रीयीकृत बँक ठरली. एजंट नाराज झाले, पण दुसऱ्या दिवशी ठेवीचा अर्ज भरायला माझ्याबरोबर तेच आले.

खांबांचं काम डिसेंबरात सुरू झालं. सैल काँक्रीट काढून सळया घासल्या, गंजरोधक लावला, जिथे सळई निम्मी उरली होती तिथे नवी जोडली, वरून नवं काँक्रीट चढवलं. या वेळी पाणी नगरपालिकेच्या नळाचं, हौदात वेगळं साठवून. त्यासाठी बारा घरांनी आठ दिवस गाड्या धुतल्या नाहीत. गवंड्यानं विचारलं, ‘मॅडम, पाण्यात काय येवढं?’ इंजिनिअरांनी मला सांगितलेलं मी त्याला सांगितलं. त्याला पटलं की नाही कळलं नाही, पण काम त्यानं चोख केलं आणि पाणीही मारलं.

२०२३ सालच्या शेवटाला मल्टिस्टेट पतसंस्थांच्या शाखांना कुलपं लागू लागली. आधी ‘सर्व्हर बंद’ म्हणाले, मग ‘पुढच्या आठवड्यात’, मग शटरच खाली. जिल्ह्यात हजारो लोकांचे पैसे अडकले: निवृत्तीचे, मुलींच्या लग्नाचे, शेत विकून आलेले. सोसायटीची ठेव सुरक्षित होती. पण ती सुरक्षित असून काय, जेव्हा ती भरणाऱ्यांचे पैसे गेले? बारांपैकी चार घरांनी मासिक वर्गणी थांबवली. माझ्या तक्त्यात वस्तूंची वयं होती, माणसांच्या ठेवींचा रकाना नव्हता. एजंटांच्या दारापुढे संध्याकाळी लोक जमत. त्यांची बायको दार उघडत नसे. त्यांचे स्वतःचे पैसेही त्याच संस्थेत होते, हे लोकांना खरं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, कारण त्यांची पासबुकं मी पाहिली होती.

उपविधींप्रमाणे तेव्हा थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येत होतं. आम्ही कमिटीत बसून ठरवलं की या चार घरांना वर्षभर व्याज नाही, हप्त्यानं भरा. लेखापरीक्षकांनी यावर शेरा मारला. त्यांचं ते कामच आहे. एका घरानं सहा महिन्यांत फेडलं, दोघांनी दीड वर्षात. एजंट अजून महिन्याला दोनशे भरतात, न चुकता, पाच तारखेला.

२०२४ च्या मे महिन्यात सबमर्सिबल जळाला. पाच वर्षं धरली होती, साडेचारांत गेला. पूर्वी असं झालं की आधी दोन दिवस पाणी नसे, मग भांडण, मग वर्गणी, मग पंप. या वेळी सकाळी जळाला, मी बँकेत गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवा बसला. याबद्दल मला कुणी काही म्हटलं नाही. खजिनदारपदाला एवढं कौतुक पुरेसं आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या मालकांनी फ्लॅट विकायला काढला. प्रथम त्यांनी मला पत्र लिहून सिंकिंग फंडात भरलेले पैसे परत मागितले. ते परत मिळत नसतात. निधी इमारतीचा, फ्लॅट विकला तरी तो मागे राहतो. त्यांना हे मान्य नव्हतं, पण त्यांच्या वकिलांनी समजावलं असावं. घेणारं जोडपं तरुण होतं, दोघं शिक्षक, गेवराईकडचे. ते घर पाहायला आले आणि घर न पाहता आधी माझ्याकडे आले. त्यांना कुणीतरी तक्त्याबद्दल सांगितलं होतं. मी २०२५ चा नवा तक्ता दिला. मुलीनं ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘गच्चीला दोनच वर्षं उरलीत. रंग पुढच्या वर्षी. निधीत किती आहेत?’ मी सांगितलं, तीन लाखांच्या पुढे, लागतील पावणेआठ. तिनं मोबाइलवर बारानं भागलं, नवऱ्याला आकडा दाखवला, आणि दोघं वर गेले.

त्यांनी मालकांशी व्यवहार करताना किमतीतून बरोबर तेवढे, चाळीस हजार, कमी करून मागितले. आणि मिळवले. त्या रात्री मला पुण्याहून फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून केलेला पहिला फोन. ‘मॅडम, हे कागद असे कुणालाही दाखवायचे असतात का? तुमच्या तक्त्यापायी माझे चाळीस हजार गेले.’ मी त्यांना म्हटलं, ना हरकत दाखला तयार आहे, फक्त तीन महिन्यांची वर्गणी आणि सव्वीस हजारांतला राहिलेला शेवटचा हप्ता भरायचा आहे. खाते क्रमांक पाठवू का?